चावी काढल्यावर

माझं डोकं लवकर तापतं, शहाद्यात कोणालाही विचारा. गिऱ्हाईक दुकानात येऊन "मिस्तरी, जरा घाई आहे" म्हणालं, की मी हातातला पाना खाली ठेवतो आणि चहा मागवतो. घाई असेल तर जा म्हणावं दुसरीकडे. जात मात्र कोणी नाही. प्रकाशा रोडला पंचवीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतोय आणि कुंदन मिस्तरीच्या हातचं काम परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. हे वाक्य मी स्वतःच इतक्यांदा आणि इतक्या जोरात म्हटलंय, की शेवटी तेच माझ्या मानगुटीवर बसलं.

यंदाच्या आखाजीची गोष्ट. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. त्या दिवशी घरोघर पितरांच्या नावानं मातीची घागर भरतात, तिच्यावर खरबूज, आंबा, सांजोरी ठेवतात, निखाऱ्यावर घास टाकतात. घरातलं कोणी गेलं असेल तर पुढच्या पहिल्या आखाजीला त्याच्या नावाची घागर पहिल्यांदा भरायची. मग तो पितरांत जाऊन बसतो. तोपर्यंत तो मधल्यामध्ये, ना घरचा, ना तिकडचा.

आखाजीला बारा दिवस असताना भूपेंद्रभाऊ त्याच्या वडिलांची फियाट घेऊन दुकानात आला. भूपेंद्रभाऊ सुरतला कापडाच्या मार्केटात असतो. वडील धुडकू आप्पा, तापीकाठचे केळीवाले शेतकरी, दिवाळीत गेले. आई मीनाबाई गावातच राहते, घरात ती आणि सालावर ठेवलेला गडी उखा, तिसरं कोणी नाही. मायचं हृदय कमजोर आहे, उन्हात तिला चालत नाही, आणि सुरतच्या डॉक्टरकडे महिन्याला न्यावं लागतं. भूपेंद्रभाऊनं त्यासाठी नवीकोरी गाडी घेतली. माय तिच्यात बसेना. मळमळतं म्हणाली. मळमळबिळमळ काही नाही, तिला आप्पांच्याच गाडीत बसायचं होतं, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं. मग त्यानं सुरतेत जुन्या फियाटलाच एसी बसवून घेतला. आता एसी लावला की हेडलाइट मिणमिणायचे आणि नंदुरबार येईस्तोवर बॅटरी उतरायची.

मी बॉनेट उघडून बघितलं आणि आधी हसलो. त्या काळच्या गाडीला डायनॅमो असतो. तो बिचारा दोन दिवे आणि एक हॉर्न यांच्यापुरता करंट बनवणार. त्याच्यावर एसी टाकायचा म्हणजे दोन भाकरीच्या पिठात बारा माणसं जेवायला बसवायची. भूपेंद्रभाऊला म्हटलं, डायनॅमो काढून फेकू, नव्या गाडीचा मोठा अल्टरनेटर बसवू. तिप्पट करंट देईल, एसी लावा, पंखे लावा, काय हवं ते लावा. त्यानं विचारलं, जमेल ना जुन्या गाडीला? झालं, माझं डोकं फिरलं. कुंदनला विचारतोस जमेल का म्हणून.

धुळ्याच्या भंगार बाजारातून चांगला अल्टरनेटर आणला. ब्रॅकेट वेल्डिंग करून घेतला, पट्टा बसवला, जुन्या बारीक वायरीच्या जागी बोटाएवढी जाड वायर ओढली. तीन दिवसांचं काम, आणि खरं सांगतो, देखणं काम. एकच गोष्ट राहिली. मीटरमध्ये एक लाल दिवा असतो. चावी फिरवली की पेटतो, इंजिन चालू झालं की विझतो. अल्टरनेटरला जागं करणारा पहिला करंट त्या दिव्यातूनच जातो. त्याचा होल्डर पार गंजला होता आणि तसला होल्डर शहाद्यात मिळेना. मग मी दिवा काढून टाकला, दोन्ही वायरी एकमेकींना पिळल्या आणि वर टेप गुंडाळली.

शंभर जीपांना मी हे असंच केलेलं आहे. मोलगी-धडगावच्या घाटात चालतात त्या सगळ्या जीपा डिझेलच्या. त्यांचं इंजिन चावीनं बंद होतच नाही, खालची दोरी ओढून बंद करावं लागतं. तिथे ही वायर सरळ जोडली काय आणि वाकडी जोडली काय, काही बिघडत नाही. पंचवीस वर्षं माझा हात त्याच गाड्यांवर बसलेला. ही फियाट पेट्रोलची आहे हे मला माहीत होतं, पण पिळताना ते डोक्यात आलंच नाही.

गाडी द्यायला मी स्वतः गेलो. भूपेंद्रभाऊ शेजारी बसला होता. एसी गार, हेडलाइट पांढरेशुभ्र, मी गाणं गुणगुणतोय. दिवेलागणीला गावात शिरलो आणि त्यांच्या अंगणात गाडी उभी केली. चावी फिरवून काढली, हातात घेतली.

इंजिन चालूच.

मला वाटलं, चावी नीट फिरली नाही. परत घातली, परत फिरवली, परत काढली. इंजिन चालू, अगदी शांत, एका लयीत. भूपेंद्रभाऊ माझ्या हातातल्या चावीकडे बघतोय आणि मी त्याच्याकडे. तेवढ्यात घरातून मीनाबाई बाहेर आली. हात पिठाचे. ओट्यावर उभी राहिली, गाडीकडे बघत. आमच्याकडे नाही, गाडीकडे. आणि आता बस करा, घर आलं, असं रोजचं सांगावं तशी बोलली.

"बस करा आते. घर उनं ना."

इंजिन दोनदा थरथरलं आणि बंद पडलं.

नंतर भूपेंद्रभाऊनं सांगितलं तेव्हा मला कळलं. आप्पांची सवय होती म्हणे. शेतातून, बाजारातून घरी आले की गाडी बंद करायची नाही. चालू ठेवून बसून राहायचं. मीनाबाईनं हातातलं काम टाकून ओट्यावर यायचं, 'बस करा आते' म्हणायचं, मगच चावी फिरवायची. चाळीस वर्षं हाच खेळ. शेजारचे हसायचे, म्हातारपणी काय ही थेरं म्हणून. हे सांगताना भूपेंद्रभाऊ गाडीकडे बघायचं टाळत होता. माय मात्र गाडीजवळ आली, टपावर हात ठेवून उभी राहिली. नव्या नवरीला माहेरचं माणूस दिसावं तसा तिचा चेहरा झाला होता.

भूपेंद्रभाऊनं मला बाजूला घेऊन विचारलं, मिस्तरी, हे काय झालं? वायरिंगमधलं काही आहे का?

असेल, उघडून बघतो, एवढं तिथंच म्हणायचं होतं. पण ओट्याशी शेजारपाजारचे आठ-दहा जण जमले होते, सगळ्यांचे कान माझ्याकडे. मी म्हणालो, "मन्हा कामम्हा खोट नही, भाऊ. गाडी बरोबर शे."

मला सोडायला तो मोटरसायकलवर आला. मागं बसल्या बसल्या पुलापर्यंत येईस्तोवर मला सगळं उलगडलं. चावी काढली तरी अल्टरनेटर फिरत असतो. त्याचा करंट त्या पिळलेल्या वायरीतून उलटा जातो आणि इंजिनला मिळत राहतो. मध्ये तो लाल दिवा असता तर त्यानं अडवला असता. पाच रुपयांचा बल्ब. आणि बंद का पडलं? एसी चालू होता, दिवे चालू होते, इंजिन मंद, करंट पुरेना, बंद पडणारच होतं. मायच्या बोलण्याला आणि बंद पडण्याला एकच वेळ आली, एवढंच. भूपेंद्रभाऊची पाठ माझ्या नाकासमोर होती. खांद्यावर हात ठेवून म्हटलं असतं, भाऊ, गाडी परत फिरव, माझं चुकलं, तर पंधरा मिनिटांचं काम होतं. मी गप्प बसलो.

दोन दिवसांनी भूपेंद्रभाऊ सुरतला गेला आणि शहाद्यात बातमी आली. धुडकू आप्पाची गाडी चावीशिवाय चालते, मीनाबाईनं सांगितलं की थांबते. लोक बघायला जाऊ लागले. माझ्या दुकानात येऊन मलाच सांगायचे. मी मान हलवायचो. एकानं तर विचारलं, मिस्तरी, तुम्ही गाडीला हात लावला तेव्हा काही जाणवलं का हो? मी त्याला हाकललं. पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटत होतं. माझी चूक म्हणून कोणी बोट दाखवत नव्हतं.

बायकोला, रूपालीला, मी तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली. म्हणाली, त्या बाईला उद्या जाऊन खरं सांगा. मी म्हटलं, अगं, तिचा चेहरा बघितला नाहीस तू. सुखात आहे बिचारी, राहू दे. रूपाली म्हणाली, "तिच्या सुखाचं मला सांगू नका. तुम्हाला तुमच्या नावाची पडलीय." मी ताटावरून उठलो. मला राग आला होता आणि ती बरोबर बोलत होती, म्हणून जास्त आला होता.

मग आखाजीचा आदला दिवस उजाडला. दुपारी साडेबाराच्या सुमाराला उखा दुकानात आला. तो बाजारासाठी शहाद्याला आलेला, पिशवीत खरबूज आणि आंबे. मी विचारलं, घागर घेतली का आप्पांची? तर म्हणाला, नाही. माय नको म्हणाली. भूपेंद्रभाऊनं फोनवर किती समजावलं, तो आज संध्याकाळी येतोय, पण मायचं एकच. उखानं तिचे शब्द तसेच सांगितले.

"जित्ता मानूसनी घागर भरतस का कोनी?"

मी माठाकडे बोट केलं. उखा माठातलं पाणी प्यायला आणि आपणहून सांगत सुटला. लोक बघायला यायचे ते मायला आवडेना, म्हणून गाडी आता पत्र्याच्या शेडमध्ये लावलीय. सगळं गाव झोपलेलं असतं तेव्हा, दुपारी, माय गाडीत जाऊन बसते. चालू करून देतो उखाच, मग चावी काढून तिच्या हातात देतो आणि बाहेर येऊन दार लावून घेतो. ती डावीकडच्या सीटवर बसते, तिच्या नेहमीच्या. काचा बंद. आधी एसी लावायची, पण एसी लावला की आप्पा लवकर जातात, म्हणून आता लावत नाही. तासतासभर बोलत बसते. बाहेर ऐकू येतं.

"कोण कोण बोलतं?" मी उगाच विचारलं.

उखानं माझ्याकडे बघितलं आणि पिशवीतले आंबे नीट लावायला लागला. मग म्हणाला, चार दिवसांपासून मायचं डोकं दुखतं. शेडमधून आली की ओकते. काल पायरी चढताना पडली. पण चेहरा लालबुंद, तब्येत सुधारल्यासारखी. आणि सांगते की आता आप्पा नुसते येत नाहीत, दिसतातही.

माझ्या हातातला पाना खाली पडला. बंद शेड, चालू इंजिन, डोकेदुखी, ओकारी. गॅरेजात काम करणाऱ्या कोणालाही विचारा, हिवाळ्यात शटर ओढून गाडी चालू ठेवू नये हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. धुराला वास असतो, पण त्यातला जो वायू मारतो त्याला वास नसतो. मी उखाला विचारलं, आज? तो म्हणाला, आज लवकर बसली. मी निघालो तेव्हाच चालू करून दिली.

त्याला मागं बसवलं आणि मोटरसायकल जी पळवली ती पळवली. वैशाखातलं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दोन्ही बाजूंनी केळीची पानं मान टाकून उभी. उखा मागून काहीतरी विचारत होता, मी ऐकत नव्हतो. मनात एकच चाललं होतं की मी पोचेपर्यंत ती गाडी बंद पडू दे. पेट्रोल संपू दे, पट्टा तुटू दे, काहीही होऊ दे. माझ्या हातचं काम बिघडू दे, असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होतो.

गावात शिरलो तर गाव मेल्यासारखं. सगळी दारं लोटलेली, ओट्यांवर कुत्री पडलेली. त्यांच्या अंगणात मी मोटरसायकल बंद केली, आणि तो आवाज आला. पत्र्याच्या आतून, शांत, एका लयीत. फियाटचं इंजिन इतकं मऊ मी कधी ऐकलेलं नाही, आणि मीच ते जुळवलं होतं. उखा शेडपासून दहा पावलांवर थांबला. पुढं येईना. मी हाक मारली तरी मान हलवून जागीच उभा.

मी दार ओढलं. आतून गरम धूर तोंडावर आला, डोळे चुरचुरले. गाडीच्या काचा बंद, दारं आतून लॉक. मीनाबाई डावीकडे बसलेली, डोकं मागं टेकलेलं, डोळे मिटलेले, तोंडावर हसू. गाल लाल. एका हातात चावी. दुसरा हात ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलेला, उताणा, आणि बोटं मिटलेली. कोणाचा तरी हात हातात असावा तशी.

ड्रायव्हरच्या बाजूची पुढची तिकोनी काच मी दगडानं फोडली, हात घालून दार उघडलं. आधी मायला बाहेर ओढायचं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला नाही कळलं. मी गुडघ्यावर बसलो, डॅशबोर्डखाली हात घातला, ती टेप चाचपली आणि सगळा जोर लावून वायर तोडली. माझी चूक मला आधी मिटवायची होती. अशा वेळीसुद्धा.

वायरीची दोन टोकं माझ्या दोन हातांत होती. चावी मायच्या हातात होती. इंजिन चालू होतं.

आता मी मिस्तरी म्हणून सांगतो. तापलेलं जुनं इंजिन कधी कधी करंट तोडला तरी काही क्षण फिरत राहतं. मी बघितलंय. पण ते असं फिरत नाही. ते आचके देतं, खोकतं, सगळी गाडी हलवतं. हे मऊ चाललं होतं. घरी पोचलेलं माणूस निवांत बसून राहावं तसं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. दहा सेकंद असतील, अर्धा मिनिट असेल. मी ड्रायव्हरच्या सीटपाशी गुडघ्यावर, आणि ती सीट माझ्या तोंडासमोर. रिकामीच होती. तरी तिच्यावर हात टेकायची माझी छाती होईना.

मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोललो नाही. मी रडत होतो.

"आप्पा, सोडा तिले. चूक मन्ही शे, तिनी नही."

इंजिन थांबलं.

त्या शांततेत मला पहिल्यांदा मायचा श्वास ऐकू आला, घरघर करणारा. मग मात्र मी भानावर आलो. तिला काखेत धरून ओढलं, उखाला अशी शिवी हासडली की तो धावत आला, आणि दोघांनी मिळून तिला निंबाखाली आणलं. शेजारचे उठले. कोणीतरी जीप काढली. शहाद्याच्या दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला, आणि दिवस मावळता मावळता तिनं डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, अजून पाव तास उशीर झाला असता तर घेऊन येऊ नका म्हणालो असतो. भूपेंद्रभाऊ सुरतहून थेट दवाखान्यात आला. उखानं त्याला काय सांगितलं कोण जाणे, त्यानं येऊन मला मिठी मारली. तुम्ही माझी माय वाचवली, मिस्तरी. दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांसमोर. त्यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर मी उभा तरी राहिलो असतो. मी मटकन खाली बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. लाल दिवा, वायर, टेप, पुलावरून जाताना गप्प बसलो तेही.

तो माझ्याशेजारी फरशीवर बसला. मग एवढंच म्हणाला, हे मला नका सांगू. उद्या घरी या, मायला सांगा. ती बरी झाली की परत शेडमध्ये जाऊन बसेल. तुम्हीच सांगा, माझं ती ऐकणार नाही.

रात्रभर मला झोप नाही. रूपाली शेजारी जागीच होती. तरी शेडमधलं ते शेवटचं मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

आखाजीच्या सकाळी दवाखान्यातून मायला घरी आणलं आणि मी गेलो. ती ओट्यावर खाटेवर बसली होती, भिंतीला टेकून. रंग उतरला होता, एका रात्रीत दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी. भूपेंद्रभाऊ दाराशी उभा. उखा पायरीवर. मी तिच्या खाटेजवळ खाली बसलो, खिशातून बल्ब काढून तिच्या हातावर ठेवला, आणि मास्तर पोराला समजावतो तसं सगळं सांगितलं. हा बल्ब इथे पाहिजे होता, माय. तो मी लावला नाही. म्हणून चावी काढल्यावर गाडी चालू राहायची. इंजिन मंद झालं की आपोआप बंद पडायची. तुमच्या बोलण्यानं नाही, म्हणून तर कधी एका हाकेत पडायची, कधी दहा हाकांनंतर. आठवून बघा.

तिनं आठवून बघितलं. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. बल्ब बोटांत फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं.

"मंग इतला दिन मन्हासंगे कोन बोली ऱ्हायनं व्हतं?"

धुरानं डोक्यावर परिणाम होतो, भास होतात, हे मी तिला सांगू शकलो असतो. डॉक्टरनं सांगितलंच होतं. पण ती भासाचं विचारत नव्हती. ती विचारत होती, तो होता का. आणि माझ्या हातांत ती दोन तुटकी टोकं अजून होती, माझ्या कानांत ते मऊ चाललेलं इंजिन होतं, आणि ज्याला मी विनवलं होतं तो कोण होता ते मलाच कोणीतरी सांगायला हवं होतं. मी 'माहीत नाही' म्हणालो असतो तर ती परत शेडमध्ये गेली असती. 'होते' म्हणालो असतो तर त्याच दिवशी गेली असती. कामात खोट नाही असं मी छातीठोक खोटं बोललो होतो. आता जे बोलायचं होतं ते खरं की खोटं हे मला माहीत नव्हतं आणि तरी बोलायचं होतं.

"कोनी नही, माय," मी म्हणालो. "तुम्ही एकल्याच व्हतात."

तिनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला. आधी आवाज आला नाही. मग तिच्या पोटातून जो हंबरडा फुटला, तो ऐकून समोरच्या घरांची दारं उघडली. चुलीवरचं सोडून बायका धावत आल्या, तिच्याभोवती बसल्या, एकीनं तिला कुशीत घेतलं आणि सगळ्याच रडायला लागल्या. सणाचा दिवस, घराघरांतून सांजोऱ्यांचा वास येतोय, आणि त्या ओट्यावर मढं निघाल्यासारखा आक्रोश. पुरुष आले, ते अंगणात निंबाखाली गप्प बसले. भूपेंद्रभाऊ दाराच्या चौकटीला डोकं लावून उभा राहिला. मी उठून पुरुषांत गेलो. त्यांनी सरकून जागा दिली.

रस्त्यावरून एक म्हातारा शेतकरी बैलगाडी घेऊन चालला होता. दिवाळीत आप्पांना ज्या चौघांनी खांदा दिला, त्यांतला एक. रडणं ऐकून त्यानं गाडी थांबवली आणि उखाला हळूच विचारलं, कोण गेलं?

"धुडकू आप्पा," उखा म्हणाला.

म्हाताऱ्यानं टोपी काढली, बैल सोडले आणि आमच्याजवळ येऊन बसला.